दोन किलोच्या आत

४ ऑक्टोबर

तळ्याची परवानगी आली. ९ ते १२ नोव्हेंबर, चार सकाळी, आतल्या लपणात बसून फोटो काढायला. तीन वर्षं अर्ज करतोय. बाहेरच्या काठावर आम्ही आठ-दहा वेळा जाऊन आलो, पण तिथून पाणमांजर म्हणजे लांबवर एक ठिपका. आतल्या लपणासमोर ती वीस-पंचवीस पावलांवर येतात म्हणे.

कागद घेऊन आत गेलो तर ही दुसराच कागद घेऊन बसलेली. खांद्याच्या दुखण्यासाठी जाते त्या व्यायामवाल्या बाईंनी दिलेला. उजव्या खांद्यावर सहा महिने दोन किलोच्या वर काही घ्यायचं नाही, पुढचं पुढे बघू.

आता आली का पंचाईत! आमचा जुना ट्रायपॉड चार किलो दोनशे साठ ग्रॅम. मी स्वतः तोललाय. तो एकोणीस वर्षं हीच उचलते, कारण कॅमेरा आणि मोठी लेन्स माझ्याकडे असते आणि तो नाजूक माल मी दुसऱ्याच्या हाती देत नाही. कामाची वाटणी आहे ती. कधी कुरबुर झालेली नाही.

"मग आता?" मी विचारलं.

"मग काय," ही म्हणाली.

"दोन किलोच्या आतला घ्यावा लागणार."

हिने माझ्याकडे बघितलं. मग कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली आणि कपडे वाळत घालायला गेली. डाव्या हाताने घालते हल्ली. फार वेळ लागतो.

७ ऑक्टोबर

कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो. दुकानदार जाड भिंगांचा चष्मा लावतो, म्हणून मी त्याला मनात ढापण्या म्हणतो. हलका ट्रायपॉड मागितल्यावर त्याने एकदम अकरा पुढ्यात मांडले. प्रत्येक जण जगातला सर्वांत हलका आणि सर्वांत भक्कम. दोन्ही एकदम कसं असेल? एवढं साधं विचारलं तर म्हणाला, "साहेब, कार्बन फायबर आहे." जणू मंत्रच म्हटला.

मी खिशातून ताणकाटा काढला. वजनमापे खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक होतो, पेटीवरच्या छापील आकड्यावर विश्वास ठेवायची मला सवय नाही. पेटीवर एक किलो तीनशे. काट्यावर एक किलो चारशे नव्वद.

"ते वरचं हेड सोडून लिहितात," ढापण्या म्हणाला.

"मग कॅमेरा कशावर ठेवायचा? हवेत?"

"सगळेच असं लिहितात, साहेब."

सगळेच! याच शब्दाने माझी नोकरी गेली. म्हणजे संपली, निवृत्त झालो मी. पण एकतीस वर्षं रोज हाच शब्द ऐकला.

तरी तोच घेतला. दोन किलोच्या आत होता.

९ ऑक्टोबर

गच्चीवर नेऊन बघितला. हा ट्रायपॉड नाही, बगळा आहे. काडीसारखे पाय, पाच-पाच घड्या, आणि शेवटची घडी माझ्या करंगळीएवढी. मोठी लेन्स चढवली तर नुसतं बटण दाबलं तरी चित्र लवलवतं. मधला दांडा वर घेतला तर विचारूच नका. समोरच्या पाण्याच्या टाकीवरची अक्षरं टिपायला गेलो, चाळीस फोटोंत एकही अक्षर सरळ नाही.

जुन्याचं असं कधी झालं नाही. तो वाऱ्यातसुद्धा खांबासारखा उभा असायचा. जुनं ते जुनं.

हिला म्हटलं, "तो परत करतो."

ही म्हणाली, "करा." कोडं सोडवत होती.

१४ ऑक्टोबर

दुसरा. अॅल्युमिनियमचा, पाय जरा जाड. हेडसकट एक किलो सातशे पन्नास, स्वतः तोलून. उंचीला माझ्या पट्ट्याएवढाच येतो, त्यामुळे मला सारखं वाकावं लागणार. पण असू दे, हिच्या खांद्याचा प्रश्न आहे, म्हणून मी हे सोसायला तयार आहे. हे मी तिला बोलूनही दाखवलं.

पट्टा लावून हिच्या खांद्यावर दिला आणि खोलीत दोन फेऱ्या मारायला सांगितल्या. दुसऱ्या फेरीत हिने तो डाव्या खांद्यावर घेतला.

"अगं, उजव्यावर घे ना. बघायचं तेच आहे."

"बरा आहे," ही म्हणाली आणि खाली ठेवला.

पट्टा रुंद हवा, एवढी नोंद केली. बाकी पास.

१८ ऑक्टोबर

आज थोडक्यात वाचलो. बागेतल्या तळ्यावर सराव करायला गेलो होतो. बदकं होती. ट्रायपॉड लावला, वर कॅमेरा आणि लेन्स, आणि मी पाण्याची बाटली घ्यायला वळलो तर पुढच्या पायाचं लॉक सुटलं. पाय सरकन आत गेला आणि सगळं जनावर पाण्याच्या बाजूला झुकलं. ही शेजारी होती. हिने हात घालून लेन्स वरच्या वर धरली.

लेन्सवर एक ओरखडासुद्धा नाही. मी घरी येऊन भिंगाने बघितलं.

ही मात्र बाकावर बराच वेळ बसून राहिली. घामाने डबडबली होती. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, "काही नाही, बसते जरा." उजव्या हाताने धरली होती बहुतेक. येताना रिक्षा केली.

हा माल पण उद्या परत. लॉक नव्हे, थट्टा आहे.

२० ऑक्टोबर

हिला व्यायामवाल्या बाईंकडे नेलं. खांदा पहिल्यापेक्षा बिघडलाय. बाई तशा शांत आहेत, पण आज मला त्यांचा सूर आवडला नाही.

"हा ट्रायपॉड कोण उचलतं?"

"ही."

"आणि तुम्ही?"

"मी कॅमेरा."

"अच्छा," म्हणाल्या आणि काहीतरी लिहिलं. मी वाकून बघायचा प्रयत्न केला, पण अक्षर डॉक्टरी. मग हिला म्हणाल्या, "तुम्ही थांबा जरा," आणि मला बाहेर बसवलं. वीस मिनिटं! भिंतीवर माणसाच्या स्नायूंचा तक्ता होता, तो पाठ झाला.

त्यांना वन्यजीव छायाचित्रणातलं काय कळतं? पहाटे अंधारात चिखलातून एक किलोमीटर चालायचं, आवाज न करता. तिथे प्रत्येकाने आपापलं काम केलंच पाहिजे.

२३ ऑक्टोबर

लेकीचा फोन. ती परगावी असते आणि आईशी बोलून झालं की मला मागते. आज मागितलं ते भांडायलाच.

"बाबा, ट्रायपॉड तुम्ही उचला ना."

"माझ्याकडे कॅमेरा आणि लेन्स असते. सगळं जड ते माझ्याकडे आहे."

"तोललंत कधी?"

"काय?"

"तुमची बॅग आणि आईची बॅग. तुम्ही आयुष्यभर अख्ख्या बाजाराचं वजन तपासत फिरलात. घरचं तपासलंत का कधी?"

उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हटलं, तपासतो, आणि तुला आकडे कळवतो.

२४ ऑक्टोबर

मागच्या सहलीला नेल्या तशाच दोन्ही बॅगा भरल्या. यादी माझ्याच वहीत होती.

माझी: कॅमेरा, मोठी लेन्स, जादा बॅटऱ्या, दुर्बीण. पाच किलो नऊशे.

हिची: ट्रायपॉड, दोन घडीची स्टुलं, तीन लिटर पाणी, डबा, थर्मास, माझा रेनकोट, तिचा रेनकोट, चिखलाचे बूट बदलायला माझे जोडे. दहा किलो तीनशे.

प्रमाण वजनं लावून काटा तपासला. मग पुन्हा तोललं.

काटा बरोबर आहे.

लेकीला कळवलेलं नाही.

२६ ऑक्टोबर

हिला म्हटलं, "यावेळी सगळं मी उचलणार. तू नुसती चल. हात हलवत."

मला वाटलं होतं, हिला बरं वाटेल. ही भाजी निवडत होती. निवडून झाल्यावर म्हणाली, "मी नाही येत यावेळी."

"का? तुला काही उचलायचंच नाहीये."

"म्हणून नाही."

"मग?"

"अहो, एकोणीस वर्षांत तुम्ही मला एकदा तरी विचारलंत का, यायचंय का म्हणून? तारीख सांगता, बूट काढून ठेवता. आताही तेच केलंत."

आता यात विचारायचं काय? आपण जातो. जात आलो आहोत. परवानगीवर दोघांची नावं आहेत, शिक्क्यासकट. मी तिला तो कागद दाखवला. तिने वाचला, परत माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "तुम्ही जा. मला राग नाही आलेला."

रागच आला असता तर बरं झालं असतं. रागाशी बोलता येतं.

२ नोव्हेंबर

एकटा जाणार. मग दोन किलोची अट कशाला, असा विचार सकाळी डोक्यात आला. मी उचलणार असेन तर जुना काय वाईट? सगळं सामान पाठीवर घेतलं, जुना ट्रायपॉड खांद्यावर, आणि सराव म्हणून जिना चढायला लागलो. दुसऱ्या मजल्यावर बसलो. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी उतरत होत्या, म्हणाल्या, "पाणी आणू का?"

चार किलो दोनशे साठ म्हणजे नेमकं किती, ते आज कळलं. काट्यावर वेगळं दिसतं.

पुन्हा दुकानात. ढापण्याने मला बघून खुर्ची दिली. बहुधा दया आली. म्हणाला, "साहेब, वजन बाजूला ठेवा. यावेळी ऐका माझं." आणि खरंच शहाणपणाचं बोलला. वरच्या घडीचा नळा जाड हवा. घड्या जितक्या कमी तितका पाय ताठ. मधला दांडा नसलेलाच घ्या, तोच सगळ्यात जास्त हलतो. फार उंच नको, जमिनीवर बसून लावायचा. आणि खाली हूक आहे, त्याला बॅग लटकवा म्हणजे वारा लागत नाही.

"हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही काटा काढलात ना, साहेब."

तीन घड्यांचा घेतला. हेडसकट एक किलो नऊशे दहा. पेटीवरही तेवढंच. म्हटलं, जगात एक तरी पेटी खरं बोलते.

"ताई उचलतील ना एवढा?" त्याने विचारलं.

"मी उचलणार आहे."

त्याने चष्मा काढून पुसला.

९ नोव्हेंबर, तळं

तळ्याच्या राखणदाराने फाटक उघडलं आणि पहिला प्रश्न, "ताई नाही आल्या?"

खांदा दुखतो म्हणून सांगितलं. सगळ्यांना ताईच हव्यात. परवानगी माझ्या अर्जावर आली आहे.

लपण म्हणजे बोरूच्या गवताच्या चटयांची चौकट, आत दोन माणसांची जागा. उजाडता उजाडता वारा सुटला. ट्रायपॉड जमिनीलगत लावला, खाली बॅग लटकवली. ती वाऱ्याने झोके घ्यायला लागली आणि ट्रायपॉडही तिच्या तालावर. आगीतून फुफाट्यात. दीड तासात एक पाणकोंबडी. तीही हललेली.

परत येताना राखणदाराजवळ चिडचिड केली. जुना कसा दगडासारखा उभा राहायचा ते सांगितलं.

"ताई धरून बसायच्या ना त्याला," तो म्हणाला.

"कशाला?"

"ट्रायपॉडला. वाऱ्याकडचा पाय धरून बसायच्या, खाली स्टुलावर. मला वाटायचं, तुम्हीच सांगितलंय."

मला वाटायचं, ती दमून टेकते.

१० नोव्हेंबर

डबा विसरलो. डबा विसरता येतो, हेच मला माहीत नव्हतं. पाणी एक लिटर नेलं, ते सात वाजताच संपलं. ट्रायपॉडच्या पायांवर दगड रचले. एक घसरून पाण्यात पडला, डुबुक. त्यानंतर तासभर तळं चिडीचूप.

पाणमांजरं आली होती, हे परत निघताना ओल्या चिखलातल्या ठशांवरून कळलं. लपणाच्या डाव्या बाजूने, अगदी हाताच्या अंतरावरून गेलेली. मी उजवीकडे बघत बसलो होतो. "डावीकडे" म्हणून कुणी सांगितलं नाही.

नाचता येईना अंगण वाकडं, असं आमचे साहेब म्हणायचे. आज अंगण खरंच वाकडं होतं. पण नाचताही येत नाही, हेही लिहून ठेवतो.

११ नोव्हेंबर

आज पाऊस, लपणात गेलो नाही. एक सकाळ फुकट. दुपारी हिला फोन केला.

"ट्रायपॉड कसा धरायचीस तू?"

म्हणाली, "वाऱ्याकडचा पाय. वरच्या सांध्याच्या खाली. दाबायचं नाही, हात सैल ठेवायचा. दाबलं की हाताचा ठोका लागतो."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही डोळा लावून बसलेले असायचात. बोललं की हुश्श करायचात."

करायचो.

"आणि ती यायची कुठून, हे कसं कळायचं तुला?"

"आधी शीळ घालतात. बारीक, पक्ष्यासारखी, पण एकाच सुरात. मग एखादं मिनिट जातं. शीळ आली की बघायला लागायचं नाही, आधी श्वास सोडायचा."

मी हे सगळं लिहून घेतलं. मग विचारलं, "कंटाळा यायचा का गं तुला?"

"कधीकधी. कधीकधी फार छान वाटायचं. पाय मात्र मरून जायचे."

"परत यायचंय का कधी?"

"आत्ता नाही सांगता येत," ती म्हणाली. "पण विचारलंत, बरं वाटलं."

फोन ठेवल्यावर उगाच मुक्कामाच्या खोलीत फिरत बसलो. खोली सहा पावलांची आहे.

१२ नोव्हेंबर

शेवटची सकाळ. वारा होताच. स्टुलावर नाही, खाली ताडपत्रीवर बसलो. डाव्या हाताने वाऱ्याकडचा पाय धरला, उजवा बटणावर. पाऊण तासात डावा हात बधिर. सोडावा म्हटलं, तर ट्रायपॉड थरथरायला लागला. पुन्हा धरला.

साडेसातला शीळ आली. एकाच सुरात. मी श्वास सोडला.

बोरूतून एक डोकं आलं, काळं, चपटं, मिशांवर पाण्याचे थेंब. वीस पावलं. ती काठावर चढली आणि मागून दोन पिल्लं, एकमेकांच्या अंगावर पडत. मी तीन वेळा बटण दाबलं. काही हललं नाही.

आणि मी उजवीकडे वळून म्हणालो, "बघितलंस?"

चांगलं मोठ्याने म्हणालो. तिन्ही एका क्षणात बुडाली. पुन्हा काही वर आलं नाही.

तीन फोटो. दोनमध्ये नुसती आई, तिसऱ्यात पिल्लांपैकी एकाचं अर्धं तोंड. तिन्ही स्वच्छ. नवा ट्रायपॉड चांगला आहे, ही नोंद न्यायाची म्हणून करतो.

१३ नोव्हेंबर

दुपारी घरी पोचलो तर दाराला कुलूप. किल्ली शेजारच्या वहिनींकडे. त्या म्हणाल्या, "येतीलच, त्यांचा वार आहे आज."

कसला वार? माझ्याच घरात वार असतात आणि मला माहीत नाहीत.

ही पाच वाजता आली. केस ओले, चेहरा लाल, हातात मोठी पिशवी. पोहायला जाते म्हणाली. झाकलेल्या तलावात, आठवड्यातून तीनदा, मी दुपारचा झोपलेला असतो तेव्हा. त्या दिवशी व्यायामवाल्या बाईंनी मला बाहेर बसवलं, तेव्हाच हे ठरलं होतं. पाण्यात खांद्यावर भार येत नाही म्हणून.

"तुला पोहता कुठे येतं?"

"येत नव्हतं."

फोटो दाखवायचे होते, पण आधी मी म्हटलं, "सांग मग." आणि ती सांगत बसली. पहिल्या दिवशी पायरीवरून खाली उतरायलाच अर्धा तास लागला. शिकवणारी बाई आमच्या लेकीपेक्षा लहान, पण दम भरते. नाकात पाणी जातं त्याचा वास दिवसभर राहतो. तिथे एक निवृत्त नर्स येते, तिच्याबरोबर चहा होतो. चौथ्या दिवशी पाठीवर तरंगता आलं आणि छतावर हलणारे पाण्याचे कवडसे बघताना तिला एकदम हसू आलं आणि हसल्याबरोबर ती बुडाली. परवा आडवं अर्धं अंतर पार केलं, न थांबता. उजवा हात अजून पूर्ण वर जात नाही, पण कानापर्यंत जातो. मला करूनही दाखवला.

चहा दोनदा झाला. दुसऱ्यांदा मी केला.

फोटो मग बघितले. तिने तिसरा बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "डोळे काय स्वच्छ आलेत."

१६ नोव्हेंबर

आज तिच्या वाराला मीही गेलो. आधी विचारलं, येऊ का म्हणून. "या की," म्हणाली.

तलावाच्या काठाला लोखंडी बाक आहे. गार, वर ओला. कसली व्यवस्था ही, चार लाकडी पट्ट्या लावायला काय जातं! शिवाय आवाज इतका घुमतो की डोकं उठतं, आणि पायांत घालायला निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या देतात, त्यात पाय घसरतात. तक्रारवही मागितली, ती नाही म्हणे.

ती पायरीवरून सरळ उतरली. टोपीत ओळखू येत नव्हती. मग एकदम पाण्याखाली गेली, आणि मी अर्धवट उठलो. ती पलीकडे, बरीच पुढे, वर आली. माझ्याकडे बघितलं नाही. तिचं लक्ष समोर होतं.

एक गृहस्थ अंग पुसत शेजारी येऊन बसले. माझ्या मांडीवरच्या पिशवीकडे, टॉवेलकडे आणि बायकांच्या चपलांकडे बघून म्हणाले, "तुम्ही नाही पोहत?"

"नाही," म्हटलं. "मी हिच्याबरोबर आलोय."